गोधडी पांघरलेलं जहाज

शाल्मली तिरोडकरने त्या दिवशी हट्टच धरला. ज्या जहाजासाठी उमेदीची सगळी वर्षं घातली, त्याची शांतता आपण स्वतःच्या कानांनी बाहेरून कधी ऐकलीच नाही, हे तिला अलीकडे फार टोचायला लागलं होतं. आपण जहाजाच्या पोटात बसून आकडे बघायचे आणि लांबच्या लाँचवरच्या मंडळींनी बिनतारीवरून कळवायचं, ‘मॅडम, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही!’ लग्नाचा स्वयंपाक एकटीने रांधावा आणि पंगतीला मात्र कोणी बोलावू नये, तशातली गत. म्हणून ‘कनकदुर्ग’ चाचणीसाठी कातळवाडीच्या गोदीतून निघालं, तेव्हा शाल्मली त्याच्यावर चढलीच नाही. खाडीच्या तोंडाबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या लाँचवर जाऊन बसली आणि हेडफोन कानाला लावला.

लाँचवरून पाण्यात खोलवर हायड्रोफोन सोडले होते. हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचे कान. त्यांतून समुद्र ऐकू येत होता. तळाच्या खडकांत राहणाऱ्या झिंग्यांचा आवाज तर तव्यावर मोहरी तडतडावी तसा अखंड चालला होता. शेजारी प्रकल्पाचे संचालक भालचंद्र पोंक्षे दुर्बिणीतून बघत होते. “आलं हं,” ते म्हणाले.

शाल्मलीने डोळे मिटले. आता आपल्या समोरून काही हजार टनांचं पोलाद जाणार आणि मोहरीचा एक दाणासुद्धा हलणार नाही, या सुखाची ती वाट बघत होती.

आणि जहाज घोरायला लागलं.

दुसरा शब्दच नाही त्याला. पोटभर जेवलेल्या माणसाने दुपारी ओसरीवर घोरावं, तसा तो आवाज होता. लांब, खर्जातला, मध्येच अडकून पुन्हा सुरू होणारा. झिंगे त्यात कुठल्या कुठे बुडून गेले. जहाज पुढे निघून गेल्यावरही तो बराच वेळ पाण्यात रेंगाळत राहिला.

पोंक्षेसाहेबांनी दुर्बीण खाली घेतली. “शाल्मली, हे काय?”

“मला माहीत नाही, सर,” ती म्हणाली.

त्या घोरण्याने एवढं काय बिघडणार होतं, हे कळायला थोडं मागे जायला हवं.

‘कनकदुर्ग’ची नेमणूक होती पाणबुड्या शोधण्याची. शिकाऱ्याच्या पायांचा आवाज झाला की सावज पळतं. शिवाय इथलं सावज उलट हल्ला करणारं. युद्धनौकेत इंजिनं असतात, पंप असतात, पंखे असतात, जिने उतरणारी माणसं असतात. हा सगळा गोंगाट पोलादातून पाण्यात उतरतो आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा कितीतरी लांब जातो. आजवर लोकांनी इंजिनाखाली स्प्रिंगा घातल्या, तळाला रबर चिकटवलं. आवाज कमी झाला, पण गेला नाही.

शाल्मलीच्या गटाने वेगळी वाट धरली. त्यांनी एक नवं मिश्रण तयार केलं, दिसायला रबर, स्वभावाने सिरॅमिक. ते दाबलं की वीज निर्माण करायचं आणि वीज दिली की फुगायचं, आकसायचं. म्हणजे एकच तुकडा कानही आणि तोंडही. पोलाद थरथरलं की तुकड्याला ते कळायचं आणि तो लगेच उलटी थरथर सुरू करायचा. एका लाटेच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा नेमका बसला की पाणी सपाट राहतं, तेच तत्त्व. ताटाएवढे असे हजारो तुकडे जहाजाच्या आतल्या अंगाला चिकटवले होते आणि प्रत्येकात नखाएवढा संगणक होता. सरकारी कागदांत या अस्तराचं नाव दीड ओळीचं होतं. गोदीतल्या फिटर मंडळींनी पहिल्याच आठवड्यात त्याला ‘गोधडी’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे दिल्लीच्या बैठकांतसुद्धा लोक गोधडीच म्हणायला लागले.

गोधडीला कोणी नियम शिकवले नव्हते. ती आपली आपण शिकली. जहाज गोदीतल्या पाण्यात उभं असताना भोवती हायड्रोफोन लावले होते; गोधडी काहीतरी करून बघायची आणि बाहेरचे कान तिला सांगायचे, जमलं किंवा फसलं. असं लाखो वेळा झालं. मग जहाज समुद्रात गेलं, तिथे सांगणारं कोणी नव्हतं, आणि तरीही ती चोख काम करत होती. आतापर्यंत.

नौदलाच्या तपासणी मंडळाची अंतिम चाचणी पावसाळा संपता संपता होती. त्यात जहाज नापास झालं, तर गोधडी सोलून काढायची आणि जुनं रबर लावायचं, असं करारातच होतं. मागून येणारी त्याच वर्गाची जहाजंही मग जुन्याच रबराची. शाल्मलीचं सगळं काम कुठल्या तरी कपाटात जाऊन पडणार होतं.

पुढच्या चाचणीला ती अर्थातच जहाजावर होती. प्रत्येक जोड तपासला, प्रत्येक तारेवरून हात फिरवला. लाँचवरून निरोप आला: पूर्ण शांत.

त्याच्या पुढच्या वेळी ती पुन्हा लाँचवर बसली. जहाज घोरलं.

एकदा ती आत, एकदा बाहेर, असं आणखी काही वेळा करून पाहिल्यावर शंकेला जागाच राहिली नाही. ‘कनकदुर्ग’चे नियोजित कप्तान शितोळे तिला धक्क्यावर गाठून हसत म्हणाले, “मॅडम, तुम्ही नसलात की रुसतंय आमचं जहाज. आता एकच उपाय. तुम्हालाच आम्ही ठेवून घेतो. स्वतंत्र केबिन देतो, खिडकीची.”

“आणि माझ्या नवऱ्याचं काय?”

“त्यांना सुट्टी मिळेल की तुमच्यापासून!”

शाल्मली हसली. खरं सांगायचं तर तिला आतून गुदगुल्या झाल्या. एवढं अवाढव्य जहाज, आणि आपण नसलो तर त्याचं पान हलत नाही! असं वाटणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण कळलं म्हणून वाटायचं थोडंच थांबतं.

तिचा नवरा जयवंत कुडाळजवळ गुरांचा डॉक्टर होता. रविवारी दुपारी तो गमबूट मागच्या दारी काढून जेवायला बसला, तेव्हा शाल्मलीने त्याला सगळी कथा सांगितली. सोलकढी पिता पिता तो खो खो हसायला लागला.

“हसतोस काय?”

“आमच्या बाबल्याची गाय आठवली गो. त्याची बायल मुंबयत गेली, लेकीच्या बाळंतपणाक. गाय कोणाक हात लावूक देईना. बाबलो गेलो, लाथ खाऊन इलो. मगे शेजारणीन सांगल्यान, बायलेचा लुगडा नेस.”

“नेसला?”

“नेसलो तर! डोक्यावर पदर घेऊन बसलो धार काढूक. मिशी तेवढी दिसा होती.”

“मग?”

“मगे काय, गायीन दिल्यान दूध. हाताची गाय ती. पयल्या वेतापासून एकाच बायकोन धार काढली, हात बदललोच नाय. चूक गायीची न्हय.”

शाल्मली हसता हसता थांबली. हातातला घास ताटात ठेवला.

“एकाच हाताने,” ती म्हणाली.

ही हातोडीची भानगड होती. गोधडीचे तुकडे नीट चिकटलेत की नाहीत हे बघायला शाल्मली रोज काम सुरू करण्याआधी एक फेरी मारायची. नाळेपासून वरामापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, जहाजाच्या एकेका बरगडीवर लाकडी डोक्याच्या हातोडीने ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा. पोकळ वाजला तर तुकडा सुटलाय. तिच्या गटातल्या कितीतरी जणांनी सांगून पाहिलं, ‘मॅडम, द्या, आज आम्ही करतो.’ पण छे! ‘तुमचा हात जड पडतो,’ म्हणून तिने हातोडी कोणाला दिली नाही. तापात फणफणत असतानाही फेरी तिनेच मारली होती, आणि त्याचं तिला कौतुकही होतं.

आता गोम अशी की तुकड्यांचं रबर सकाळच्या गारव्यात ताठ असायचं आणि उन्हं चढली की सैल पडायचं. त्यामुळे सगळ्या तुकड्यांना रोज नव्याने एकमेकांशी सूर जुळवून घ्यावा लागे. त्यासाठी त्यांना एखादा ओळखीचा, रोज तसाच येणारा आवाज हवा होता. तो कुठला घ्यायचा हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तो स्वतःच निवडला: शाल्मलीची पावलं आणि शाल्मलीची ठोकणी. ती फेरी मारून गेली की गोधडी सुरात लागायची. ती आली नाही की प्रत्येक तुकडा आपापल्या सुरात, आणि सगळ्यांचं मिळून घोरणं.

सोमवारी तिने खात्री करून घेतली. पोंक्षेसाहेबांच्या हाती हातोडी दिली. साहेब बिचारे पँट सावरत सगळ्या बरगड्या ठोकत गेले. गोदीतल्या हायड्रोफोनना जोडलेल्या पडद्यावरची रेघ वेड्यासारखी नाचत राहिली. मग तीच फेरी शाल्मलीने मारली आणि अर्ध्यावर येईपर्यंत रेघ आडवी झोपली.

“अगं, मग सोपं आहे!” पोंक्षेसाहेबांचा चेहरा उजळला. “तुझी ठोकणी ध्वनिमुद्रित करू. एक डबी बसवू. बरगड्यांना छोटे ठोके देणारी यंत्रं जोडू. निघायच्या आधी बटण दाबलं की शाल्मली तिरोडकर जहाजभर फिरून आली!”

डबी तयार झाली, बसवली. शाल्मली लाँचवर बसली आणि ‘कनकदुर्ग’ तिच्या समोरून गेलं. मोहरी तडतडत राहिली. बाकी काही नाही. पोंक्षेसाहेबांनी लाँचवर सगळ्यांना मालवणी खाजं वाटलं, बिनतारीवर कप्तान शितोळ्यांच्या माणसांचा जल्लोष ऐकू आला. ज्या क्षणासाठी तिने इतकी वर्षं घालवली, तो क्षण तोंडात खाजं घेऊन तिच्यासमोर उभा होता.

तिला मात्र ते गिळवेना. डोळ्यांसमोर लुगडं नेसलेला बाबलो येत होता. गाय बाबल्याला ओळखत नव्हती. गाय लुगड्याला ओळखत होती. उद्या तेच लुगडं नेसून गोठ्यात चोर शिरला, तर?

“सर,” ती म्हणाली, “आपल्याकडे पाण्यात सोडायचा स्पीकर आहे ना?”

“आहे. कशाला?”

“माझी ठोकणी बाहेरून वाजवायची आहे. जहाजाला परत एकदा समोरून यायला सांगा.”

पोंक्षेसाहेबांना ते आवडलं नाही, पण त्यांनी सांगितलं. स्पीकर खाली गेला. ‘कनकदुर्ग’ वळून आलं, तसंच शांत. शाल्मलीने बटण दाबलं. तिचीच ठोकणी, तिच्याच लयीत, पाण्यातून जहाजाकडे निघाली.

क्षणभर काही झालं नाही. मग गोधडीला वाटलं, बाई आल्या. हजारो तुकड्यांनी हातातलं काम सोडलं आणि सूर जुळवायला घेतला. पण बाई आतून नव्हे, बाहेरून येत होत्या. हा नुसता घोरण्याचा आवाज नव्हता. जहाज हंबरलं. हेडफोन कानावरून ओढून काढावा लागला, इतक्या मोठ्याने हंबरलं.

“पुरे!” पोंक्षेसाहेब ओरडले. त्यांच्या हातातलं खाजं खाली सांडलं होतं.

संध्याकाळी तिघं कप्तान शितोळ्यांच्या केबिनमध्ये बसले. पोंक्षेसाहेब चांगलेच तापले होते. “स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतलास! कोणाला कळणार होतं? तुझी ठोकणी काय बाजारात मिळते?”

“आज नाही मिळत,” शाल्मली म्हणाली. “पण जहाज रोज निघायच्या आधी ती वाजवणार. पोलादातून ती पाण्यात उतरणार. बंदराबाहेर कान लावून बसलेल्याला ती आयती मिळणार. मग कोणीही एक स्पीकर घेऊन यावं आणि जहाजाला सांगावं, बाई आल्यात, आता हंबर. सर, तो आवाज ज्याच्या हाती, त्याच्या हाती जहाज.”

“मग तूच जा बरोबर! ती डबी तरी नको.”

“मी गेले तरी ठोकणी तीच.” ती म्हणाली. “गोधडी जे शिकली ते सगळं पुसायला हवं. अगदी पहिल्यापासून शिकवायला हवं. आणि या वेळी रोज हात बदलायला हवा.”

“अंतिम चाचणीला उरलेत किती दिवस, माहितीये ना? पहिल्यांदा शिकवायला वर्ष लागलं होतं. नाही जमलं, तर गोधडी गेली. कायमची. डबी घेऊन आपण डोळे झाकून पास आहोत.”

कप्तान शितोळ्यांनी टेबलावरची टोपी उचलली, उगाचच झटकली. “पोंक्षेसाहेब, पास तुम्ही होणार. रात्री झोपणार माझी पोरं, त्या पोलादाच्या आत. मला घोरणारं जहाज चालेल, निदान ते घोरतंय हे मला माहीत असतं. बोलावल्यावर हंबरणारं नको.” मग ते शाल्मलीकडे वळले. “पुसा. काय लागेल ते सांगा.”

“सगळी माणसं लागतील, रात्रंदिवस. तेव्हा मी एकटी होते, म्हणून वर्ष लागलं. खलाशी, आचारी, बिगुलवाला, तुम्ही स्वतः. कोणी कुठूनही ठोकत जायचं, हातोडीने, लाटण्याने, बुटाच्या टाचेने. एखाद्या दिवशी कोणीच ठोकायचं नाही. गोधडीला एका माणसाचा आधार मिळताच कामा नये. सगळं जहाज मिळून आपलं, एवढंच तिला कळायला हवं. आणि मी जहाजावर नको. गोदीतही नको. मी असले की माझ्याने राहवणार नाही. मी कोणाच्या तरी हातातली हातोडी काढून घेईनच.”

शेवटचं वाक्य तिने हसत म्हटलं, पण तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. मग ती खाली गेली आणि नियंत्रण कक्षात बसून गोधडीची सगळी शिकवण स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

त्यानंतरचे दिवस तिला खायला उठले. रजा घेऊन घरी बसायची सवय नाही. तिने स्वयंपाकघरातले डबे बदलले, मग बाग उपटून पुन्हा लावली, मग जयवंतच्या औषधांचं कपाट रचायला घेतलं. म्हशीला द्यायच्या इंजेक्शनऐवजी त्याच्या हाती कुत्र्याच्या गोळ्या आल्या, तेव्हा तो वैतागला. “जहाज गावना नाय म्हणान माझ्या कपाटाक लागलंस?”

“मग काय करू मी?”

“काय पण करू नको. थोडे दिस काय पण करू नको.” तो तिच्याशेजारी बसला. “मीय लगीन झाल्यापासून तुझी वाट बघतंय गोदीतून येवची. आता इलंस, तर माझ्याकडे तरी बघ.”

हे त्याने थट्टेतच म्हटलं होतं. पण शाल्मलीला ते लागलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर जीपमधून गावोगाव फिरली. गाभण म्हशी पाहिल्या, ताक प्याली, बाबल्याची ती प्रसिद्ध गायही पाहिली. तिच्या नव्या वासराला आता घरातलं प्रत्येक माणूस हात लावत होतं.

तरीही ती अधूनमधून कप्तान शितोळ्यांना फोन करायचीच. “कसं चाललंय?” तिने विचारलं की ते म्हणायचे, “समुद्र छान आहे, मॅडम,” आणि फोन ठेवायचे. एकदा ती न राहवून गाडी घेऊन थेट गोदीच्या फाटकापर्यंत गेली. भिंतीपलीकडे ‘कनकदुर्ग’ची डोलकाठी दिसत होती. आतून ठोकाठोकीचा आवाज येत होता, अगदी वेडावाकडा, ना लय ना ताल. कोणीतरी पत्र्याच्या डब्यावर बडवावं तसा. तिचे हात शिवशिवले. पाच मिनिटं ती स्टिअरिंग घट्ट धरून बसली. मग गाडी वळवली आणि घरी येऊन जयवंतला म्हणाली, “आज मी फार मोठं काम केलं.”

“काय?”

“परत आले.”

अंतिम चाचणीच्या दिवशी सकाळी आभाळ धुऊन निघालं होतं. लाँचवर तपासणी मंडळाच्या प्रमुख, कमोडोर मॅथ्यू, आल्या होत्या. पिकलेले आखूड केस आणि चेहऱ्यावर कसलाच पत्ता लागू न देण्याची सवय. त्यांनी हेडफोन लावला, एक शाल्मलीला दिला, एक पोंक्षेसाहेबांना. पोंक्षेसाहेब खिशातल्या गणपतीला हात लावून बसले होते.

जहाज क्षितिजावरून मोठं होत आलं. शाल्मलीच्या कानात मोहरी तडतडत होती. तिने या वेळी डोळे मिटले नाहीत. पुढचं टोक पाणी कापताना दिसत होतं, तिथे पांढरा फेस उसळत होता. जहाज अगदी समोर आलं. मोहरी तडतडत होती. जहाज समोरून गेलं. मोहरी तशीच तडतडत होती.

कमोडोर बाईंनी भुवया उंचावल्या. हेडफोन काढून झटकला, पुन्हा लावला. मग बिनतारी उचलली. “कनकदुर्ग, तुमची इंजिनं चालू आहेत ना? का बंद करून वाहत येताय?”

“चालू आहेत, मॅडम,” कप्तान शितोळ्यांचा आवाज आला. त्या आवाजात हसू दाबलेलं होतं. “आणखीही बरंच काही चालू आहे.”

“म्हणजे?”

“विनंती आहे. परत समोरून जातो. अर्ध्यावर आलो की गोधडी बंद करायचा हुकूम द्या.”

‘कनकदुर्ग’ वळलं. पुन्हा तीच शांतता, तोच फेस, तीच मोहरी. जहाज बरोबर समोर आल्यावर कमोडोर मॅथ्यू म्हणाल्या, “बंद करा.”

आणि हेडफोनमधून ढोल कोसळला!

इंजिनांची घरघर होती, पंपांची सूं सूं होती, पण त्या सगळ्यावर चढलेला होता ढोल आणि ताशा. जहाजाच्या पोटात कप्तानाने आपल्या पोरांचं पथकच उभं केलं होतं. मध्येच झांजा, मध्येच पायांचा दणदणाट, कोणीतरी पातेल्यावर उलथनं बडवत होतं. इतका वेळ हे सगळं तिथे चालू होतं. सकाळपासून, दोन्ही फेऱ्यांत, बेभान होऊन ती माणसं नाचत होती आणि पाण्यात त्याचा कणही उतरला नव्हता.

“पुन्हा सुरू करा,” कमोडोर बाई कशाबशा म्हणाल्या.

ढोल मध्येच तुटला. मोहरी तडतडायला लागली. समोर जहाज निवांत चाललं होतं, आत कोणी नसल्यासारखं.

पोंक्षेसाहेब उठून उभे राहिले, लाँच हलली, ते पुन्हा बसले आणि त्यांनी शाल्मलीचे दोन्ही हात धरले. “माझं चुकलं गं,” ते म्हणाले, “आणि मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.” शाल्मली हसत होती, रडत होती, दोन्ही मोठ्याने करत होती. कमोडोर मॅथ्यूंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा तो पत्ता न लागणारा चेहरा एकदाचा सुटला. “हे शिकवलं कोणी जहाजाला?” त्यांनी विचारलं.

“मी नाही,” शाल्मली म्हणाली. हे सांगताना तिला इतका अभिमान वाटेल, असं तिला कधीच वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर जहाज नौदलात दाखल झालं. धक्क्यावर मांडव, खुर्च्या, पांढऱ्याशुभ्र गणवेशातल्या रांगा. कप्तान शितोळ्यांनी नेमणुकीचा हुकूम मोठ्याने वाचला. बँडवर राष्ट्रगीत झालं, मागच्या काठीवर नौदलाचा ध्वज चढला आणि डोलकाठीच्या टोकावर लांबलचक निमुळती पताका सुटली. ‘कनकदुर्ग’ सेवेत आहे तोवर ती तिथून उतरणार नव्हती. पाहुण्यांच्या रांगेत जयवंतने इस्त्रीचा सदरा घालून शाल्मलीचा हात धरला होता. पताका वाऱ्यावर उलगडली तेव्हा तिने टाळ्या वाजवायला तो सोडवून घेतला, आणि नंतर आपणहून पुन्हा धरला.

समारंभानंतर पाहुण्यांना जहाज बघायला सोडत होते. शाल्मली सवयीने, कोणाकडे न बघता, शिडीवर चढायला लागली.

“मॅडम, थांबा जी.” शिडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कोवळ्या खलाशाने हात आडवा केला. बोलण्यावरून पोरगा विदर्भाकडचा. “पास दाखवा लागते. पासशिवाय कोणालेच नाही सोडत.”

वरून कप्तान शितोळ्यांनी पाहिलं आणि ते धावतच खाली आले. “अरे बाबा, तू कोणाला अडवतोयस? या कोण आहेत माहीत—”

“राहू द्या,” शाल्मलीने त्यांना थांबवलं. “नवीन आहे का हा?”

“परवाच रुजू झालाय. चंद्रपूरचा.”

“आज सकाळी ठोकणी कोणी केली?”

कप्तानांनी त्या पोराकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. “यानेच. पहिल्यांदाच. बुटाने केली.”

“आणि गोधडी?”

“एकदम शांत.”

शाल्मलीने पर्स उघडली आणि पास काढून त्या पोरापुढे धरला. त्याने तिचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं, फोटो तिच्या चेहऱ्याशी दोनदा ताडून पाहिला आणि मगच तिला आत जाऊ दिलं.